शुद्धता : चौथी पायरी

अनिपा-एजेच्या, म्हणजे अनिपाताईच्या, उजव्या हाताची दोन बोटं बारमाही निळी असतात, अंगठा आणि तर्जनी. चौतीस वर्षं ती जुमगाल खोऱ्यातल्या एका छोट्या दवाखान्यात तपासणीच्या काचपट्ट्या रंगवते आहे. तो निळा रंग साबणाने जात नाही, वाळूने जात नाही, मेंढीच्या चरबीनेही जात नाही. लग्नघरी ती तळून खायच्या बोरसोकांचं पीठ मळायला बसली की बायका चिडवतात, "एजे, तुमच्या हातचा बोरसोक आम्ही रंगावरून ओळखतो." ती म्हणते, "खा मुकाट्याने. तुमच्यातल्या निम्म्यांना मी आतून ओळखते." यावर हसणं होतं, पण जरा जपून होतं.

जपून अशासाठी की ते खरं आहे. गावातल्या नि आजूबाजूच्या सात वस्त्यांमधल्या बायकांच्या तपासणीच्या काचा तिच्याच टेबलावर येतात. दवाखान्याच्या बोळाच्या टोकाला, पूर्वेच्या खिडकीपाशी तिची खोली. टेबलावर तिच्याच वयाचं सूक्ष्मदर्शक. वीज गेली की त्याच्या पोटाखालचा आरसा उन्हाकडे वळवायचा आणि काम पुढे चालू. नवीन यंत्र येणार, असं ती तीन मोठ्या डॉक्टरांच्या कारकिर्दीत ऐकत आली. तिन्ही डॉक्टर बदलून गेले, यंत्र काही आलं नाही.

नवरा ट्रक चालवायचा, तो जाऊन अकरा वर्षं झाली. दोन्ही मुली बिश्केकला. घरी एक गाय, तीही तिच्यासारखीच तिरसट. अनिपाचा एकच नियम आहे आणि तो तिने कधी मोडला नाही. काचेवर नाव लिहायचं नाही, आकडा लिहायचा. आणि जिचा कागद तिच्याच हातात द्यायचा. एकदा वरच्या साहेबांची बायको आपल्या ड्रायव्हरच्या बायकोच्या कागदाची चौकशी करायला आली होती, सहज बोलता बोलता. अनिपा म्हणाली, "बाही वर करा." "का हो?" "तुम्ही इथे आलात म्हणजे तुमचंच रक्त काढायचं असणार." बाई पुन्हा फिरकली नाही.

आमच्या खोऱ्यात बायकांच्या कमरेखालच्या दुखण्याला दोनच नावं. सासरी गोडी असेल तर "गारठा बाधला". म्हणजे बाई ओल्या दगडावर बसली असेल, ओढ्यात अनवाणी उतरली असेल, थंडीत पातळ मोजे घातले असतील. आणि गोडी नसेल तर "बाहेरून आलं". बाहेरून म्हणजे रशियातून, तिकडे गोदामात राबणाऱ्या नवऱ्याच्या पिशवीतून. नाहीतर त्याहून वाईट, नवरा तिकडे असताना इकडच्या कुणाकडून तरी. दुखणं काय आहे यावर नाव ठरत नाही. घरात तुमचं काय चाललंय यावर ठरतं.

अनिपाला या दोन्ही नावांची चीड. गारठा गारठा म्हणत लोकरीचा पट्टा बांधून वर्षानुवर्षं बसलेल्या बायका तिने पाहिल्यात. आत खरोखरच नवऱ्याकडून आलेला रोग मुरत होता, आणि शेवटी मूल राहायची वाटच बंद झाली. "गारठ्याला शेपूट असतं का गं?" ती विचारते. "मग मला काचेवर पोहताना दिसलं ते काय होतं?" आणि उलटंही पाहिलंय, म्हणजे साध्या दुखण्यावरून बाईच्या चारित्र्याचा पंचनामा. ते आठवलं की ती गप्प होते. तिच्या गप्प होण्याचं कारण पुढे येईल.

नोरूझचा, म्हणजे वसंतातल्या नव्या वर्षाचा, सण होऊन महिना झाला होता, घोड्या विण्याचे दिवस. दुपारी कालिचा-आपा अनिपाच्या दारात येऊन उभी राहिली.

कालिचा-आपाला खोऱ्यात कोण ओळखत नाही; आपा म्हणजे आई, आणि तिला सगळेच तसं म्हणतात. हमरस्त्याच्या कडेला बसून ती दूध, साय आणि आयरान विकते. आयरान म्हणजे आपलं पातळ दहीच. त्याआधी कोल्खोझ, म्हणजे सरकारी सामुदायिक शेत होतं तेव्हा दूध काढणाऱ्या चाळीस बायकांची ती मुकादम होती. वय अडुसष्ट, आवाज अजून मुकादमाचा. मुलगा मेदेर मॉस्कोजवळ गोदामात कामाला; नोरूझला तीन आठवडे येऊन परत गेलेला. घरी सून ऐसाल्कीन आणि तीन वर्षांची नात.

आपाने सायीचं भांडं टेबलावर ठेवलं, स्टुलावर बसली, डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला.

"अनिपा, एक विचारू?"

"विचारा ना."

"चौथीच्या पुढे पाचवी असते का?"

"अकरावीपर्यंत आहे की, आपा. पण तुमची नात अजून केवढीशी आहे."

"नातीचं नाही विचारत." आपाने काखेतून रुमालाची घडी काढली, तीतून एक कागद काढला आणि टेबलावर सारखा केला. "हे बघ. तुझंच अक्षर ना?"

अक्षर अनिपाचंच होतं. दवाखान्याचा छापील कागद, रशियन भाषेतला, सोव्हिएत काळापासून चालत आलेला. पांढऱ्या पेशी इतक्या, अमुक दिसलं, तमुक दिसलं नाही. आणि मधोमध ठळक छापलेली ओळ: शुद्धतेची पायरी. पुढे अनिपाने निळ्या शाईत रोमन आकडा घातलेला, चार.

"रजया उन्हात टाकायला काढल्या, तर सर्वांत खालच्या रजईत सापडला," आपा म्हणाली. "मी काही अडाणी नाही. वीस वर्षं दुधाचे कागद भरलेत. केंद्रावर दूध कापसाच्या चकतीतून गाळायचे, चकतीवर किती घाण राहिली ते बघायचे आणि लिहायचे: शुद्धतेची पायरी. पहिली पायरी शहरात जायची. दुसरी लोण्याला. तिसऱ्या पायरीचं दूध आम्ही वासरांना पाजायचो. त्याखाली पायरीच नव्हती, अनिपा. चौथी पायरी मी आयुष्यात पहिल्यांदा वाचली, आणि वाचली ती माझ्याच घरात."

अनिपाला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

"दूध आपोआप एवढं नासत नाही," आपा पुढे म्हणाली. आवाज खाली आला होता, आणि मुकादमाचा आवाज खाली आला की समजावं, प्रकरण गंभीर आहे. "बाहेरचं भांडं लागल्याशिवाय नाही नासत. माझा मेदेर साधा पोरगा आहे. आणि ही नऊ दिवस त्याचा फोन उचलत नाहीये. वाजतो, वाजतो, ही बघत बसते. का उचलत नाही? म्हणतात ना, खाई त्याला खवखवे. आणि खवखवतंय तर खरोखरच, मी काय आंधळी आहे? धड बसवत नाही तिला."

"मग काय ठरवलंत?"

"उद्या सकाळच्या गाडीने माहेरी धाडते. ओरडणार नाही, हात उचलणार नाही. म्हणेन, जा, थोडी विश्रांती घे. नात आमची आहे, ती राहील."

माहेरी विश्रांतीला गेलेली सून आमच्या खोऱ्यात किती वेळा परत येते, हे अनिपाला ठाऊक होतं. आणि तो आकडा कशाचा होता, हेही ठाऊक होतं. एक वाक्य बोललं असतं तर काम झालं असतं. ते वाक्य तिच्या जिभेच्या टोकाशी येऊन बसलं. पण कागद ऐसाल्कीनचा होता, आणि ऐसाल्कीन खोलीत नव्हती.

"आपा, हा कागद तुमचा नाही. जिचा आहे तिला घेऊन या."

"म्हणजे तसंच काहीतरी आहे."

"म्हणजे तिला घेऊन या."

"अगं, नऊची गाडी आहे."

"मी सातला दार उघडते. आणि ही साय उचला. तपासणीच्या टेबलावर खाण्याचं ठेवत नाहीत, इथे काय काय येतं ते तुम्हाला माहीत नाही."

आपाने साय उचलली, कागद उचलला आणि गेली. अनिपाने पुढची काच घेतली, पण तिला धड दिसेना.

संध्याकाळी गाय पिळताना तिला सेयिलकान आठवली. वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सव्वीस वर्षांची, गालावर तीळ असलेली मुलगी. कागद घेऊन गेली आणि आठवड्याने गावातूनच गेली. कुणी म्हणालं तालासला, कुणी म्हणालं आणखी लांब. नवऱ्याने सोडली एवढंच कळलं. अनिपाला तिची काच अजून आठवत होती. नुसती बुरशी होती. त्या वेळी तिने मनाशी म्हटलं होतं, घरचं भांडण असेल, आपल्याला काय त्याचं. तिने आकडा लिहिला होता, बरोबर लिहिला होता, त्यापलीकडे आपलं काही काम आहे असं तिला वाटलंच नव्हतं. त्या ओळीतला शब्द घरी जाऊन काय करत असेल, हा विचार चौतीस वर्षांत एकदाही तिच्या मनात आला नव्हता. आज आला, आणि तिला स्वतःची लाज वाटली. गायीने लाथ मारून बादली कलंडवली, तर तिने शिवी न देता ती सरळ केली.

सकाळी सातला तिघी हजर. म्हणजे सासू, सून आणि सुटकेस.

ऐसाल्कीन पंचविशीची. डोळे रडून सुजलेले, पण मान ताठ. अनिपाने आपाला बोळातच थांबवलं. "तुम्ही इथे बसा. बोलावते." आणि सुनेला आत घेऊन दार लावलं.

"पोरी, तुझा कागद तुझ्या सासूला सापडलाय. त्याबद्दल मी तिच्याशी बोलावं की नको, हे तू सांगायचं. नको म्हणालीस तर मी तिला घरी पाठवीन, गाडीही चुकवीन."

"बोला की," ऐसाल्कीन म्हणाली. "तिच्या लाडक्या लेकाने मला काय आणून दिलं ते तिलाही कळू दे."

अनिपा खुर्चीत मागे टेकली. असं आहे तर. एकाच कागदावरून सासूने सुनेला चोर ठरवलं होतं आणि सुनेने नवऱ्याला, आणि दोघी एका घरात एकमेकींना चहा ओतत होत्या.

"म्हणून फोन उचलत नाहीस होय?"

"काय बोलू त्याच्याशी? तीन आठवडे राहिला, गेला, आणि दहा दिवसांत मला हे सुरू झालं. खाज अशी की जीव नकोसा होतो. कागदावर चौथी पायरी. आणखी काय समजायचं?"

"डॉक्टरने काय सांगितलं तुला?"

जिल्ह्याहून स्त्रियांची डॉक्टर फक्त मंगळवारी येते आणि एका सकाळी तीस बायका तपासते. ऐसाल्कीन जरा घुटमळली. "ती रशियनमध्ये बोलली, भराभर. मला रशियन फारसं येत नाही, एजे. ती म्हणाली, 'दूधवाली आहे.' मी म्हटलं, हो, सासूबाई विकतात. मग ती म्हणाली, 'पुष्कळ जणींना असते, घाबरू नकोस.' मी म्हटलं, हो, पुष्कळ जणींना असते. मग तिने औषध लिहून दिलं आणि पुढचीला बोलावलं."

अनिपाने निळी बोटं कपाळाला लावली. तिचे खांदे हलायला लागले. ऐसाल्कीनला वाटलं, एजे रडतेय.

"अगं पोरी," शेवटी ती डोळे पुसत म्हणाली, "दूधवाली हे त्या दुखण्याचं नाव आहे. रशियन लोक बुरशीला दूधवाली म्हणतात, पांढऱ्या गुठळ्या जातात म्हणून. तिने तुझ्या सासूचा धंदा नव्हता विचारला."

"बुरशी?"

"बुरशी. औषध घेतलंस?"

"नाही. तसंच ठेवलंय. मेदेरला दाखवायला, पुरावा म्हणून."

"छान. खाज तुला, पुरावा त्याला." अनिपाने दार उघडलं. "आपा, या आत. सुटकेस बाहेरच राहू दे, तिला काही झालेलं नाही."

काचपट्ट्या ती महिनाभर लाकडी पेटीत जपून ठेवते. तिने दोनशे सतरा नंबरची काढली, आरसा खिडकीकडे वळवला, भिंग जुळवलं.

"बघा, आपा."

आपाने डोळा लावला. "मला माझ्याच पापण्या दिसतायत."

"जरा मागे व्हा. श्वास सोडा. आता?"

आपाने दुसरा डोळा हाताने झाकला. मग म्हणाली, "वाळुंजाच्या झाडाच्या काटक्या. आणि त्यांना कळ्या."

"ती बुरशी. पावात असते तिचीच बहीण. तुमच्या अंगात आहे, माझ्या अंगात आहे, दाराबाहेर बसलेल्या त्या सगळ्यांच्या अंगात थोडी थोडी आहे. आता ही बघा." तिने पेटीच्या कोपऱ्यातून एक जुनी, पिवळी पडलेली काच काढली. नर्सिंगच्या शाळेत शिकताना मिळालेली, तेव्हापासून जपलेली. "हे बाहेरून येणाऱ्यातलं. पुरुषाकडून बाईला, बाईकडून पुरुषाला. काय दिसतं?"

"दाणे. दोन दोन, तोंडाला तोंड लावून बसलेले."

"आहेत का हे दाणे हिच्या काचेवर? पुन्हा बघा."

आपाने पुन्हा पाहिलं. शेळीचे दात बघावेत तशी काच डावीकडून उजवीकडे सरकवायला लावून, कोपरा न् कोपरा पाहिला. मुकादम होती ती, वरवर बघून सही करणाऱ्यांपैकी नव्हती.

"नाहीत," ती म्हणाली. "पण मग चौथी पायरी कशाची?"

"आपा, तुम्ही आयरान लावता. विरजण मेलं तर काय होतं?"

"काय व्हायचं? आंबट होत नाही. दोन दिवसांत वर बुरशी धरते."

"झालं तर. बाईच्या आत देवाने विरजण घातलंय. तुमच्या आयरानात असतं त्याच जातीचं. ते जिवंत असलं की आतलं आंबट राहतं, बुरशी डोकं वर काढत नाही. विरजण भरपूर असलं तर आम्ही पहिली पायरी लिहितो. मेलं तर चौथी. त्या ओळीचा अर्थ एवढाच. त्यात शील नाही, चारित्र्य नाही, बाहेरचं भांडं नाही. उद्या तुमची काच बघितली तर तुमची तिसरी निघेल, या वयात सगळ्यांची निघते."

"माझी तिसरी?" आपा दुखावल्या आवाजात म्हणाली.

"वासरांना पाजायची," अनिपा म्हणाली. ऐसाल्कीनच्या तोंडून एक हुंदका निघाला आणि मध्येच त्याचं हसू झालं.

"पण हिचं विरजण मेलं कशाने?" आपाने विचारलं. "साखरेचा रोग नाही, पोटुशी नाही."

"तेच विचारते. पोरी, गेल्या महिन्यात काही औषध घेतलं होतंस? ताप, खोकला, दात?"

"दाढ सुजली होती," ऐसाल्कीन म्हणाली. "मेदेर गेला त्याच आठवड्यात. मग गोळ्या घेतल्या."

"कसल्या?"

ऐसाल्कीनने सासूकडे पाहिलं. सासू खिडकीबाहेर पाहू लागली.

"अर्ध्या लाल, अर्ध्या पिवळ्या," ऐसाल्कीन म्हणाली. "आपांनी दिल्या. हिवाळ्यात त्यांच्या छातीसाठी आणलेल्या उरल्या होत्या. पाकिटावर दिवसातून दोन लिहिलं होतं, पण आपा म्हणाल्या चार घे, लवकर उतरेल."

"किती दिवस?"

"बारा."

अनिपाने पेन खाली ठेवलं.

"आपा," अनिपा म्हणाली, "ती म्हण काय होती हो तुमची? खाई त्याला खवखवे?"

आपाने डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला.

"त्या गोळ्या जंतूंबरोबर विरजणही मारतात. खाल्लं हिने, खवखवलंही हिलाच, बरोबर आहे. पण खायला घातलं कुणी?"

आपाचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, मग तिने रुमालाचं टोक तोंडात धरलं आणि ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. कोल्खोझच्या चाळीस बायकांना धाकात ठेवलेली बाई स्टुलावर बसून नाक पुसत होती. "म्हणजे घरात रोग आणला तो मीच. आणि मी माझ्याच पोरीची सुटकेस भरली. स्वतःच्या हाताने भरली गं, इस्त्री करून."

"आणि मी त्यांना नऊ दिवस शिव्या घातल्या मनातल्या मनात," ऐसाल्कीन म्हणाली. नवऱ्याला "त्यांना" म्हणण्याची पाळी नऊ दिवसांनी परत आली होती. "म्हटलं, तिकडे कोणीतरी ठेवलीय."

"तुला माझा मेदेर तसा वाटला?"

"तुम्हाला मी तशी वाटले, आपा."

तिने सुनेचं डोकं ओढून आपल्या खांद्याला लावलं आणि तिच्या केसांचा वास घेतला, लहान मुलाच्या डोक्याचा घ्यावा तसा. आमच्याकडे माफी अशीच मागतात, तोंडाने कुणी मागत नाही.

"आता दोघी ऐका," अनिपा म्हणाली. तिला असलं फार वेळ बघवत नाही. "मी काचेवरून बोलते, अंदाजाने बोलत नाही. खाज आणि गुठळ्या म्हणजे बुरशी, असं घरी बसून ठरवायचं नाही. पातळ आणि माशासारखा वास, ते वेगळं, तेही विरजण बिघडल्याचं. हिरवट फेस आणि काचेवर पोहणारा शेपटीवाला प्राणी, ते मात्र जोडीने येतं आणि औषधही जोडीने घ्यावं लागतं. वरून सगळं सारखंच वाटतं, भलेभले फसतात. आणि काही रोग माझ्या या म्हाताऱ्या भिंगाला दिसतच नाहीत. डॉक्टरने म्हणून हिचा दुसरा नमुना, कापसाच्या बोळ्यावर घेतलेला, बिश्केकला पाठवलाय. शुक्रवारी उत्तर येईल. तोवर ही औषध सुरू करेल, आणि कुणी कुणाला काही म्हणणार नाही."

"म्हणजे अजून काही निघू शकतं?" ऐसाल्कीनचा आवाज परत बारीक झाला.

"निघेल असं मला वाटत नाही. पण जे दिसलं नाही त्याला नाही म्हणायची मला सवय नाही. आणि निघालंच तर औषध आहे, तेही बरं होतं. माणसं त्याने मरत नाहीत, लाजेने औषध घेतलं नाही तर मात्र नुकसान होतं."

नऊची गाडी दवाखान्यासमोरून गेली. सुटकेस बोळात होती. परतताना ती आपाने उचलली, सुनेला हात लावू दिला नाही.

पुढचे तीन दिवस अनिपाला कालिचा-आपा रस्त्याच्या कडेला दिसत होती, पण नेहमीचा आरडाओरडा ऐकू येत नव्हता. गिऱ्हाइकाला मोड देताना चुकत होती. अनिपा समोरून गेली की नुसती भुवई वर करायची, अनिपा मान हलवायची, अजून नाही. शुक्रवारी दुपारी बिश्केकहून उत्तर आलं. अनिपाने चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. मग तिने पांढरा कोट खुंटीला टांगला आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा कामाच्या वेळात दवाखान्याबाहेर पडली. आपाला ओलांडून, तिच्याशी अक्षर न बोलता, सरळ तिच्या घरी गेली आणि कागद ऐसाल्कीनच्या हातात दिला. नियम तो नियम. ऐसाल्कीनने वाचला. प्रत्येक ओळीपुढे एकच उत्तर होतं: आढळले नाही. ती तशीच चपला न घालता रस्त्याकडे धावली, आणि तिला धावताना बघूनच आपाचा जीव भांड्यात पडला. भांडंही पडलं, आयरानाचं. मोठं होतं, गटारापर्यंत ओघळ गेला. आपा म्हणाली, "जाऊ दे. धरतीलाही विरजण लागतं."

त्या संध्याकाळी अनिपाने छापील कागदांचा गठ्ठा पुढ्यात ओढला, पट्टी घेतली आणि "शुद्धतेची पायरी" या ओळीवर एकेका कागदावर रेघ मारत गेली. दीडशे कागद होते. तिला सेयिलकान आठवत होती. तिच्यासाठी आता काही करता येणार नव्हतं, हे तिला कळत होतं, तरी ती रेघा मारत राहिली. ओळीच्या वर तिने गावाच्या भाषेत, मोठ्या अक्षरात लिहिलं: विरजण. पुढे आकड्यासाठी जागा.

जिल्ह्याच्या साहेबाने नंतर विचारलंच, सरकारी कागदावर हे काय? अनिपा म्हणाली, "आकडा तोच आहे, साहेब. नुसतं नाव धुतलंय." साहेबाने डोकं खाजवलं आणि दुसऱ्या गोष्टीकडे वळला.

पण शब्द गावात पसरला तो कागदावरून नाही, कालिचा-आपाच्या तोंडून. रस्त्याच्या कडेला कुणी बाई अवघडून बसली की आपा दूध मापता मापता खडसावते, "काय गं, विरजण बिघडलंय का? गारठा बिरठा मला सांगू नकोस. अनिपाकडे जा. आणि उरलेल्या गोळ्या कुणाच्या खाऊ नकोस." बायका जातात. विरजण बिघडलंय म्हणायला कुणाला लाज वाटत नाही, सासूसमोरही म्हणता येतं. आणि त्यातल्या एखादीच्या काचेवर खरंच शेपटीवाला प्राणी पोहताना दिसतो. मग अनिपा तिला एकटीला आत घेऊन दार लावते, आणि ती बाई पुढच्या मंगळवारी नवऱ्याला घेऊन येते. पूर्वी अशी बाई आलीच नसती. दगडावर बसले होते म्हणाली असती.

ऐसाल्कीन तीन आठवड्यांनी फेरतपासणीला आली. अनिपाने काच बघितली. काटक्या नव्हत्या, कळ्या नव्हत्या. सगळीकडे बारीक सरळ काड्या, दाट, शांत. ती जरा जास्तच वेळ बघत बसली.

"एजे, काय लिहिलंत?"

अनिपाने कागद वळवून दाखवला. आकड्याच्या जागी आकडा होताच, पहिला. शेजारी तिने निळ्या शाईत दोन शब्द जास्त घातले होते: छान लागलं.

ऐसाल्कीनने तिथेच उभं राहून कागदाचा फोटो काढला आणि मेदेरला पाठवला. त्याला तिने अजून काहीच सांगितलं नव्हतं. नऊ दिवस फोन का उचलला नाही, याला "दाढ दुखत होती" एवढंच उत्तर दिलं होतं. मिनिटभरात फोन वाजला. तिने पहिल्याच घंटेला उचलला.

"हे कसलं सर्टिफिकेट?" गोदामाच्या गलक्यातून मेदेर ओरडत होता. "विरजण, पहिली, छान लागलं. आईने आयरानाची स्पर्धा जिंकली की काय?"

"हो," ऐसाल्कीन म्हणाली. "आणि ऐका, घरी कधी येताय?"